जिवंत माणसाचा चुरमा

१९ जुलै, शनिवार

योग्या,

आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर. आधी हे सांग, तुला नाचायला कोणी सांगितलं होतं?

दोन वरसं मी तुला पत्रं टाकून राहिले, तू पाठवलेल्या छापील पत्त्याच्या पाकिटांतून. गावच्या पोस्टात टाकत न्हाई. परदेशाचं पाकीट दिसलं की पोस्टमनच्या पोटात दुखतं. वारंगा फाट्याला जाते, पेटीत टाकते, अन् उगं बाजाराला गेले होते असं दिसावं म्हणून किडकी वांगी घेऊन येते. तू एकाचंही उत्तर दिलं न्हाईस. त्याची माझी तक्रार न्हवती. मेलेल्या माणसानं गप्पच राहावं, ते बराबर आहे.

अन् काल सकाळी डेअरीवर पोरं मोबाईलला गुळावरच्या माश्यांसारखी चिकटलेली. "दादी, इकडं ये, गोऱ्या लोकांत लेंगी बघ!" म्हणून मला ओढलं.

बघितलं. लाल कपड्यातल्या एका गोलकीपरनं उडी मारून बॉल अडवला. सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. तेवढ्यात मैदानाच्या कडेनं एक काळा, वाळलेला माणूस टोपी घालून पळत आला. दोन हातांत पाण्याच्या दोन बाटल्या. त्या एकमेकींवर हाणल्या, कमरेत वाकला, गिरकी घेतली अन् लेंगी धरली. होळीला आपला तांडा टिपऱ्या घेऊन धरतो तीच. मग त्याच्यामागं कप्तान, कप्तानामागं सगळी टीम. व्हिडिओखाली लोक लिहून विचारून राहिले म्हणे, हा कोणता नाच? तांड्यातलं शेंबडं लेकरूही सांगंल कोणता नाच ते.

योग्या, माणूस लपवता येतो. टोपी घालता येते, दाढी वाढवता येते, समुद्रापार जाता येतं. नाच कुठं लपवशील? गिरकी घेताना तुझा डावा पाय मागं राहतो, बैलानं चेपलेला. तशी लेंगी जगात एकच माणूस धरतो, अन् तो दोन वरसांमागं सिद्धेश्वरच्या धरणात बुडून मेलाय.

शेवटच्या फोनवर तू म्हणाला होतास, "दादी, तू मला जिवंत मारलंस, अन् वसरामकाकाला दुसऱ्यांदा." बोलून फोन ठेवलास. माझं ऐकायचं राहिलं. आता ऐक.

वसराम वाळूच्या गाडीसमोर उभा राहिला, कारण पूर्णेची वाळू उपसून उपसून तांड्याची विहीर आटली होती. गाडीचा मालक भागवत, चालवतही तोच होता. बाजूला क्लिनर म्हणून तू. भागवतनं गाडी थांबवली न्हाई. ठाण्यात लिहिलं गेलं, अनोळखी ड्रायव्हर, पळून गेला. तू म्हणालास, मी जाऊन खरं सांगतो. तू ठाण्यात पोचायच्या आधीच ते भागवतला कळलं. दुसऱ्याच दिवशी तो आपल्या ओसरीवर येऊन बसला, चहा प्याला, तुझ्या पाठीवर हात ठेवला अन् मला म्हणाला, "पोरगं गुणाचं आहे, आजी. पाण्यापासून जपा त्याला."

त्यानं पाणी म्हटलं, मी पाणी दिलं. तुझा शर्ट, तुझ्या चपला धरणाच्या काठावर ठेवल्या. दुबईसाठी काढलेला पासपोर्ट तुझ्या खिशात घातला. प्रेत सापडलं न्हाई तर पिठाचा पुतळा करतात, तो केला. तुझ्या दिवसांचा चुरमा केला. तुझ्या बापानं डोस्कं भादरलं. कावळा पहिल्या हाकेला आला. तुझ्या आज्याच्या वेळंला अर्धा दिवस आला न्हवता मेला, अन् जिवंत माणसाच्या घासाला झडप घालून आला. भागवतही आला होता. दोन मुठी चुरमा खाल्ला अन् ढेकर दिला. त्या ढेकरावर तू दोन वरसं जगून राहिलास, हे ध्यानात ठेव.

तुझ्या बहिणीनं, दिपानं मला समजावलं. तुमच्या बेटावर सगळी माणसं मिळून आपल्या जिल्ह्याच्या निम्मीही न्हाईत. तुमचा गोलकीपर बेकरीत पाव भाजतो. कप्तान मुडद्याची गाडी चालवतो. तुला बराबर माणसं भेटली. युरोपच्या मोठ्या कपाच्या चाळणीत असला क्लब म्हणजे बैलांच्या शंकरपटात दुभती म्हैस. मग ती म्हैस पुढं काहून निघून राहिली?

दोन मॅचची बेरीज असते म्हणे, एक आपल्या घरी, एक त्यांच्या. पुढच्या बेरजेत हरा. हरलात की मोबाईल दुसरं माकड दाखवंल. तोवर पाण्याच्या बाटल्या खाली मान घालून दे. प्यायला दे, वाजवायला न्हाई.

दादी


३ ऑगस्ट

योग्या,

पत्र पोचलं नसंल असं धरते. पोचूनही जिंकला असाल तर तू माझा नातू न्हाई, माझा भोग आहेस.

पहिल्या मॅचला दोन गोल खाल्लेत. मला बरं वाटलं. त्या दिवशी मी सुखानं भाकरी खाल्ली. अन् दुसऱ्या मॅचला तुमी तीन मारले! तिसरा त्या मुडद्याच्या गाडीवाल्यानं डोस्क्यानं मारला, तेही खेळ संपता संपता. कोणाची घाई होती त्याला? अन् मग टीम नाचली, अन् मैदानाबाजूच्या गच्चीवरची माणसंही बाटल्या घेऊन नाचली. म्हाताऱ्या गोऱ्या बायकासुद्धा. दिपा म्हणाली, "दादी, सगळं जग बघून राहिलं." मी म्हटलं, जगाचं मला काय. आपल्या गावात मोबाईल किती आहेत ते सांग.

तुझ्या बापाला कळलं. मी सांगितलं न्हाई. दाढी करायला गेला होता. ज्या सलूनवाल्यानं तुझ्या नावानं त्याचं डोस्कं भादरलं, त्यानंच वस्तरा थांबवून मोबाईल त्याच्यासमोर धरला. "रामसिंगभाऊ, हा पाय ओळखीचा वाटतो का?" तुझा बाप अर्ध्या गालाला साबण घेऊन तसाच घरी आला.

"याडी, हा कोण?"

"तुझा मुलगा."

"तो मेला ना?"

"तुझ्यापुरता मेला. तुला रडता येतं, पण खोटं रडता येत न्हाई. म्हणून सांगितलं न्हाई."

त्यानं नळावर गाल धुतला. तेव्हापासून माझ्याशी बोलत न्हाई. भाकरी खातो, ताट सरकवतो. अर्धी दाढी तशीच वाढून राहिली. तुझ्यासारखंच आहे हे खानदान, अबोल्यात पटाईत.

दुसऱ्या दिवशी धुरपता आली. वसरामची बायको आरडाओरडा करणारी न्हाई, ती ओरडली असती तर मी उलटून बोलले असते. उंबऱ्यावर बसली अन् म्हणाली, "याडी, तुझ्या नातवाच्या चुरम्याला तूप माझ्या घरचं होतं."

मी म्हटलं, "परत देते."

"तूप नको. पोरगं दे. एका दिवसासाठी दे. कोर्टात उभं करते अन् तुझं तुला परत आणून देते."

"कोर्टात एक दिवस नसतो, बाई. वरसं असतात. अन् तेवढी वरसं भागवत चहा पीत बसंल का?"

ती उठली. जाताना म्हणाली, "दोन वरसं मी तुझ्या नातवासाठीही रडले, याडी. माझ्या माणसासाठी होतं त्यातलं अर्धं पाणी मी त्याला दिलं."

मी उठून चुलीतली राख काढायला लागले.

तू येऊ नको. तिच्यासाठी येऊ नको, बापासाठी न्हाई, माझ्यासाठी तर न्हाईच न्हाई. अन् तिसऱ्या बेरजेत ते मोठ्या शहरातले लोक आहेत म्हणे, त्यांच्या मैदानात तुमचं आख्खं गाव पाय पसरून झोपंल. देवी त्यांना यश देवो.

दादी


१७ ऑगस्ट

देवीनं ऐकलं न्हाई.

त्यांच्या घरी जाऊन जिंकलात. गोलकीपरच्या हाताला पट्टी होती, तरी अडवला. बेकरीतला चटका असंल, त्याला सवय आहे. नंतर मैदानात तुझ्या तोंडासमोर माईक धरला अन् तू हात हलवून पळालास. पळालास ते बरं केलंस. पण पळतानाही डावा पाय तसाच.

काल तीज बोळवली. पोरींनी गव्हाच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नदीकडं जायला सुरुवात केली, तर रस्त्यावर भागवतची गाडी आडवी. तो खाली उतरला, पोरींना वाट करून दिली, माझ्याकडं बघून हात जोडले. नदी भरून वाहते, पण खाली वाळू उपसलेले खड्डे कुठं आहेत ते कोणाला दिसत न्हाई. म्हणून टोपल्या काठावरूनच सोडायला लावल्या. दिपाची टोपली गेली न्हाई. एका जागी गोल गोल फिरत राहिली अन् मग खाली बसली. मी अपशकुन मानत न्हाई. बघितलं ते लिहिलं.

घरी आले तर भागवत ओसरीवर. त्याच जागी.

"आजी, बाटलीवाला आपलाच ना?"

"तोंडासारखी तोंडं असतात, बाबा."

"तोंड कोणी बघितलं? मी पाय बघितला. दीड वरस माझ्या गाडीत बसून त्यानं तो पाय डॅशबोर्डवर टाकला होता." हसला. दात पांढरे आहेत त्याचे, तंबाखू सोडली म्हणे. "आनंदाची गोष्ट आहे, आजी. बुडालेलं पोरगं वर आलं. आपण सत्कार करू."

"कशाचा?"

"जिल्ह्याचं नाव काढलं. मिरवणूक काढू, हार घालू. मी सगळ्यांना सांगितलं, धक्का बसून पोरगं पळालं होतं, म्हातारी भोळी, तिला वाटलं बुडालं. आता बोलवा त्याला. तुमी बोलावलं तर येईल."

"अन् न्हाई आला तर?"

"येईल ना. दिपा हिंगोलीला नर्सिंगला जाते न्हाई का? एसटीचा भरवसा न्हाई हल्ली. माझ्या गाड्या तिकडंच जातात. पोरांना सांगून ठेवतो, लक्ष ठेवतील."

चहा मागितला न्हाई त्यानं. या वेळी चहा मागितला न्हाई, हे मला सगळ्यात वाईट वाटलं.

आज फाट्याला हे पत्र टाकायला निघाले तर चौकात बॅनर. "हिंगोलीचा हिरा, मायदेशी स्वागत." तुझं तोंड नाण्याएवढं, भागवतचं ताटाएवढं. तुझा फोटो मोबाईलवरून घेतलेला, डोळे मिटलेले. मेलेल्याच्या फोटोत अन् त्यात फरक एवढाच की हार अजून घालायचा आहे.

दादी


२३ ऑगस्ट

योग्या,

तू दिपाला कळवलंस. दोन वरसांनी तोंड उघडलंस ते हे सांगायला, "कप संपला की येतो. धुरपताकाकीला सांग."

धुरपताला सांगितलं न्हाई. तुझ्या बापाला सांगितलं न्हाई. तरी भागवतला माहीत आहे. त्याच्या पोरांनी तुमच्या क्लबच्या पानावर आमंत्रण टाकलं अन् तू त्याला हात जोडल्याची खूण केलीस म्हणे. हात जोडलेस! त्याला वाटतं सत्काराला येऊन राहिलास. तुला वाटतं कोर्टाला येऊन राहिलास. विमानतळापासून आपल्या तांड्यापर्यंतचा रस्ता दोन्हीकडचा एकच आहे, बाबा. अन् त्या रस्त्यावर वाळूच्या गाड्या चालतात.

काल पोळा होता. बैल धुवायला उठले तर दारात वाळूचा ढीग, उंबऱ्याला लागून. ओली वाळू, ताजी उपसलेली. तिच्यातून पाणी झिरपून घरात आलं होतं. "सत्काराच्या मांडवाला खड्डे बुजवायचेत," असा निरोप. तुझा बाप फावडं घेऊन बाहेर आला. ढिगात हात घातला, हातात आली नदीतली शिंपली. ती ओसरीच्या कडेला ठेवली. सगळा ढीग एकट्यानं ओढून रस्त्याच्या पलीकडं टाकला. आज सकाळी उठलो तर पुन्हा तेवढाच ढीग, त्याच जागी.

शेवटच्या बेरजेची पहिली मॅच एक-एक बराबरीत सुटली, तेही तुमच्या घरी. जगातल्या एवढ्या मोठ्या क्लबाशी बराबरी. दिपा रडून राहिली आनंदानं. मला म्हणाली, "दादी, जिंकले तर मोठ्या कपात जातील, इतिहास होईल." मी म्हटलं, इतिहास झाला की पुतळे करतात. आपल्याकडं एक पुतळा करून झालाय, पिठाचा.

येऊ नको. हे पत्र तुला मिळेस्तोवर मॅच होऊन गेलेली असंल. माझी सगळी पत्रं तुला उशिराच मिळून राहिली. आता मी काय लिहू?

दादी


२६ ऑगस्ट, मंगळवार

योग्या,

हे टपालानं येत न्हाई. तुझा बाप याचा फोटो काढून तुझ्या फोनवर पाठवतोय. बोलत न्हाई अजून, पण मी वही काढली तर समोर येऊन बसला अन् दिवा जवळ सरकवला. त्याच्या बोटाचा ठसा फोटोत आला तर समजून घे.

दिपाला मी पाठवलंय. कुठं ते लिहीत न्हाई. परवा एसटी स्टँडवर दोन पोरं तिच्यासमोर मोटरसायकल लावून म्हणाली, "ताई, चला, भागवतदादांनी पाठवलं." ती गर्दीत घुसली म्हणून सुटून आली. घरी येऊन पाणी पिताना तिचा गिलास दातांवर वाजत होता. तो आवाज ऐकला अन् मला समजलं, माझा चुरमा वाया गेला. एका लेकराला लपवलं तर हात दुसऱ्याकडं वळला. पाण्याला एकीकडं बांध घातला की ते दुसरीकडून फोडतं.

मग मी धुरपताकडं गेले. उंबऱ्यावर बसले, तिच्यासारखीच.

म्हटलं, "तुझं तूप परत द्यायला आले."

ती म्हणाली, "याडी, मोजून घेईन."

"घे."

आता नीट वाच. गुरुवारी मॅच आहे. जिंका, हरा, मला फरक पडत न्हाई. आजवर हरा म्हणत होते, ते सोड. जिंकलात तर सगळे माईक घेऊन पळत येतीलच. हरलात तरी येतील, पाव भाजणारा अन् मुडदे नेणारा इथवर कसे आले ते विचारायला. अन् त्या नाचणाऱ्याला विचारतीलच, तू कुठला, हा नाच कुठला. या वेळी हात हलवून पळू नको.

थांब अन् बोल. टोपी काढ. तुझं पूर्ण नाव सांग, बापाचं नाव सांग, तांड्याचं सांग. वसरामचं नाव घे. तो कुठं उभा होता ते सांग, गाडीत कोण बसलं होतं ते सांग, चाकावर कोणाचे हात होते त्याचं नाव घे. आपल्या बोलीत बोल, गोरमाटीत. त्या गोऱ्यांना समजो न समजो. मला ती लिहिता येत न्हाई, शाळेत मराठीच शिकवली, पण बोललेली समजते. ज्याला समजायला पाहिजे त्यालाही समजंल. सगळ्या जगाला नाच दाखवलास ना? मग त्याच जगाला हे दाखव. तुला इथं येऊन कोर्टात उभं राहायचं होतं. त्याहून मोठी जागा तुला त्या बेकरीवाल्यानं अन् गाडीवाल्यानं मिळवून दिली आहे. त्यांचे पाय दाबून दे माझ्याकडून.

शुक्रवारी सकाळी मी अन् धुरपता हिंगोलीला जाऊन कलेक्टर कचेरीसमोर बसणार. तुझा बाप मोबाईल धरणार. तुझं बोलणं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवणार. जो थांबंल त्याला मी सांगीन, ही बाई विधवा, हा बाप, अन् मी ती म्हातारी जिनं शर्ट-चपला धरणावर ठेवल्या. मला खोटारडी म्हणतील. म्हणू दे. खोटारडीला कोणीतरी विचारतंच, मग खरं काय.

भागवतला कदाचित आधीच वास लागलाय. दुपारपासून त्याची गाडी दारात उभी आहे, रिकामी. ड्रायव्हर खाली उतरत न्हाई. इंजिन बंद करत न्हाई. भिंतीवरची भांडी थरथरून राहिली, त्यामुळं अक्षर हललंय. म्हातारपणाचं समजू नको.

तू छापील पाकिटं पाठवली होतीस, त्यातलं एक उरलं. ते तुझ्या बापाजवळ दिलंय. तशी वेळ आली तर ते कोरंच टाकायला सांगितलंय. ते तुला आलं तर फोडायची तकलीफ घेऊ नको. माझं काय झालं ते समजून घे, अन् येऊ नको. कोणी फोन करून रडलं, बॅनर लावलं, सरपंच बोलला, तरी येऊ नको. तुझा बाप बोलला तरी. तो बोललाच तर समज, कोणीतरी त्याला बोलायला लावलंय.

तुझे दिवस मी घातले. माझे तू तिथंच घाल. त्या बेटावर कावळे नसतील तर समुद्रावरचे पांढरे पक्षी चालतील, मला काही फरक पडत न्हाई. बेकरीवाल्याकडून गव्हाचं पीठ घे, जाडं. पोळी कडक भाजून हातानं चुर. अन् गुळात हात आखडू नको. तुझ्या वेळंला मी आखडला न्हवता.

आशीर्वाद उरलेत थोडे. घे.

शकुंतला, रामसिंगची आई, योगेशची दादी